शकुंतला मून, फिमेल सिंगर

जाम गावच्या चौकात आमचा टेम्पो उभा होता. भास्कररावांच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत निवेदक म्हणून मी त्या दिवशी पहिल्यांदाच निघालो होतो. एरवी मी वर्ध्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवत असे. समुद्रपूरकडच्या एका गावात गणपतीचा कार्यक्रम होता आणि रस्ता दाखवायला तिथला आयोजक मोटरसायकलवर आला होता. त्यानं टेम्पोच्या मागच्या बाजूनं आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "फिमेल आली का?"

स्पीकरच्या खोक्यांमागून एक शांत आवाज आला. "फिमेल नाई आली भाऊ. शकुंतला मून आली."

आयोजक गोंधळला. "म्हंजे, फिमेल दुसरी हाय का?"

"नाई. हेच हाय. चाला आता, उशीर होऊन राह्यला."

शकूताईंची आणि माझी पहिली भेट ती. आयोजकाला त्यांचं म्हणणं कळलं नव्हतं, आणि ते कळावं असा त्यांचाही आग्रह नव्हता. सांगायचं होतं ते सांगून त्या मोकळ्या झाल्या होत्या. पुढे जवळपास प्रत्येक गावात कुणी ना कुणी तेच विचारायचं आणि त्या तेच उत्तर द्यायच्या. न चिडता, आवाज न चढवता. दारात येणाऱ्या प्रत्येकाला उंबरा जपून ओलांडायला सांगावं तसं.

तेव्हा त्या चाळिशीच्या आसपास असतील. ठेंगण्या, सावळ्या, मोठ्या कपाळाच्या. भर उन्हाळ्यातसुद्धा गळ्याला मफलर आणि गालात ज्येष्ठमधाचा तुकडा. स्टेजवरची चमकीची साडी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून आणायच्या. कार्यक्रमाच्या गावी कुणाच्या तरी घरात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभ्यानं नेसायच्या आणि निघताना त्या घरच्या बाईला हमखास विचारायच्या, "बाई, तुमी येता न आयकाले?" बहुतेक वेळा त्या बाईला यायला मिळत नसे, कारण पार्टीचा स्वयंपाक तिच्याच गळ्यात पडलेला असायचा.

मराठीचा मास्तर असल्यामुळे या धंद्याची भाषा माझ्या कानाला सारखी टोचायची. इथं कुणी गाणं गात नसे, गाणं 'मारत' असे. कार्यक्रम रंगला तर शो 'उचलला', नाही रंगला तर 'बसला'. लोक गप्प असले की 'पब्लिक थंडी आहे'. सुरुवातीला एक भक्तिगीत व्हायचं, त्याला 'ओपनिंग' म्हणत. लोक अजून खुर्च्या शोधत असतात, आयाबाया पोरांना हाका मारत असतात, माइक शिट्ट्या मारत असतो, तेव्हाचं ते गाणं. ते कायम शकूताईंच्या वाट्याला यायचं. मी एकदा म्हटलं, "ताई, ओपनिंग कुणी ऐकत नाही, तरी तुम्ही इतकं मन लावून गाता." त्या म्हणाल्या, "मले तेच बरं वाटते सर. कोनी पाह्यत नाई, त गानं निवांत होते."

हे सगळे शब्द त्याही वापरायच्या, पण शेजाऱ्याच्या घरून आणलेलं भांडं वापरावं तशा. काम झालं की धुऊन परत. दोन शब्द मात्र त्यांनी कधी घरात घेतले नाहीत. एक 'फिमेल' आणि दुसरा 'आयटम'. कारंजा घाडगेला एका ढाब्याचं उद्घाटन होतं. मालकाचा मेहुणा रंगात आलेला. पुढे येऊन म्हणाला, "बाई, एक आयटम होऊन जाऊ द्या." शकूताई माइकवरच म्हणाल्या, "आयटम संपले भाऊ. गानं शिल्लक हाय. आयकता का?" ट्रकवाल्यांनी टाळ्या पिटल्या. मेहुणाही हसला आणि खाटेवर जाऊन बसला.

त्यांचं माहेर देवळी तालुक्यातलं. वडील पुलगावला सूतगिरणीत कामाला होते आणि गावातल्या बुद्धविहारात पेटी वाजवायचे. एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम सुरू झाले की लेकीला सायकलवर पुढे बसवून गावोगाव न्यायचे. तिथं कव्वालीचे सामने व्हायचे. एका बाजूला एक पार्टी, दुसऱ्या बाजूला दुसरी, आणि मध्ये बसलेली माणसं सूर्य उगवेपर्यंत हलायची नाहीत. "तवा आम्हाले गायक म्हनत," त्या सांगायच्या. "बाप्या असो का बाई असो, गायक. आता बाईचं फिमेल झालं."

नवरा, देवीदासभाऊ, एसटीच्या डेपोत मेकॅनिक. पाळी जुळली की ते थर्मास घेऊन सोबत यायचे आणि कार्यक्रमभर स्पीकरच्या मागे बसून राहायचे. कार्यक्रम झाल्यावर मी विचारायचो, "देवीदासभाऊ, कसं झालं?" त्यांचं उत्तर ठरलेलं. "आयकू आलं." यापलीकडे मी त्यांच्या तोंडून कौतुक ऐकलं नाही. शकूताईंना त्याचं काही वाटत नसे. "यायले आयकू आलं म्हंजे झालं," त्या म्हणायच्या. "मांगच्या लोकाईलेही आलं असन."

मग डीजे आला. आधी लग्नांतून आमची पार्टी गेली, मग गणपतीतून. ट्रम्पेटवाला बँडपथकात गेला, ड्रमरनं ऑटो घेतला, ढोलकीवाला गावी शेतीला लागला. उरले भास्करराव, त्यांचा लॅपटॉप, शकूताई आणि मी. आता गाणी 'ट्रॅक'वर व्हायची. त्यातही दोन प्रकार होते, ते शकूताईंनीच मला समजावून सांगितले. "मायनस ट्रॅकमंदी बाजा असते, गानारा नसते. ते आपन गायचं. प्लसमंदी गानाराही असते. त्याच्यावर निस्तं तोंड हालवाचं."

त्या मायनसवर गायच्या. पण त्यांचा ट्रॅकवर राग होता. शेवटपर्यंत एवढा एकच राग मी त्यांच्यात पाहिला. "ढोलकीवाला थांबते न सर. मी दम घेतला त त्याले समजते. तो माह्याकडं पाह्यते, मी त्याच्याकडं पाह्यते. हे लॅपटॉप कोनाकडंच पाह्यत नाई. आपनच त्याच्या मांगं पयत सुटाचं."

एक दिवस दुपारी भास्कररावांनी आम्हाला घरी बोलावलं. चहा झाला, चिवडा झाला, तरी ते मुद्द्यावर येईनात. माणूस वाईट नव्हता. पार्टी जगवता जगवता त्यांचे केस पांढरे झाले होते. शेवटी ते खिडकीकडे पाहत म्हणाले, "ताई, वाईट नका वाटून घेऊ. पण आता तुमचं मार्केट..."

"मार्केट कापसाचं असते भास्करभाऊ," शकूताई म्हणाल्या. "मानसाचं काऊन असते?"

भास्कररावांनी मान खाली घातली. मग एकेक करून सांगून टाकलं. आर्वीची एक मुलगी होती, मोना. मोबाइलवर तिचे नाचाचे रील लाखो लोक पाहायचे. आयोजकांना तीच हवी होती. पण तिला गाता येत नव्हतं आणि सिनेमातल्या मूळ आवाजावर तोंड हलवलं की पब्लिक लगेच ओळखायचं. तेव्हा मोना पुढे उभी राहील आणि शकूताई पडद्यामागे बसून गातील, असं त्यांच्या मनात होतं.

मला वाटलं, आता त्या उठतील. त्या उठल्या नाहीत. चहाचे कप एकात एक ठेवत म्हणाल्या, "सिनेमातही पडद्यामांगूनच गातात न? त्याले प्लेबॅक म्हनते. मले आजवर कोनी प्लेबॅक नाई म्हनलं. आता म्हना."

ऑटो स्टँडपर्यंत मी त्यांच्यासोबत चालत गेलो. वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, "सर, शब्द चांगला हाय न तो?"

"चांगला आहे ताई."

"मंग झालं," त्या म्हणाल्या आणि पदरानं मान पुसून ऑटोत बसल्या. त्यांच्या बोलण्यात आनंद नव्हता, तसं दुःखही नव्हतं. उन्हातून लांबवर चालून आलेलं माणूस दिसेल त्या पायरीवर टेकतं, तसा तो होकार होता.

मोना मनानं चांगली होती. वीस-एकवीसची पोर, हातातला फोन सुटत नसे, पण शकूताईंच्या पायाशी बसून शिकायचीही. आधी 'आंटी' म्हणायची, आठवड्याभरात 'मावशी' म्हणू लागली. शकूताई तिला तालमीत सांगायच्या, "पोरी, ओठ सगळेच हालवते. दम पाह्य. मी दम घेतला का तू पन घेजो. गानं तिथून खरं वाटते." मोना तसं करायची. लहान पोरानं आईच्या घासाबरोबर तोंड उघडावं, तशी ती पडद्याकडे कान देऊन श्वास घ्यायची.

काही कार्यक्रम बरे गेले. मग कारंज्याचा नवरात्रातला कार्यक्रम आला. संध्याकाळची वेळ, मैदान भरलेलं. स्टेजच्या मागे काळा पडदा आणि त्याच्या आड एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर शकूताई. घरचीच साधी साडी, चष्मा, मफलर. दिसायचंच नव्हतं, त्यामुळे चमकीची साडी त्यांनी आणलीच नव्हती.

तिसऱ्या का चौथ्या गाण्यात मोनानं गिरकी घेतली आणि माइकचा हात लांब गेला. आवाज मात्र तसाच, एकसारखा येत राहिला. पुढच्या रांगेतल्या पोरांनी ते हेरलं. आधी शिट्ट्या, मग आरोळ्या. "लाइव्ह गा! लाइव्ह!" कुणीतरी पाण्याचा पाउच भिरकावला. तो मोनाच्या खांद्याला लागून फुटला. ती जागीच थिजली. ट्रॅक पुढे पळत होता, भास्कररावांचा हात लॅपटॉपवर तसाच राहिला होता आणि मी स्टेजच्या कडेला उभा होतो. काही बोलावं तर लोक ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

पडदा हलला. शकूताई गातच बाहेर आल्या. मधली ओळ तुटू दिली नाही. चष्म्यावर दिव्यांचा झोत पडला तशी मान थोडी वळवली, एका हातानं मोनाचा ओला हात धरला आणि उरलेला अंतरा लोकांसमोर उभं राहून म्हटला. मैदान शांत झालं. मी त्यांचं गाणं कितीतरी वर्षं ऐकत होतो, पण त्या दिवशी त्या ट्रॅकच्या मागे पळाल्या नाहीत. एका जागी त्या थांबल्या, श्वास घेतला, आणि पुन्हा गाण्याला येऊन मिळाल्या. मागच्या बाजूला बसलेली काही म्हातारी माणसं नीट पाहायला उठून उभी राहिली.

गाणं संपलं. टाळ्या झाल्या, भरपूर झाल्या. आणि त्या टाळ्यांतूनच पुढच्या रांगेतला एक पोरगा ओरडला, "मावशी, एक नंबर! आता बसा तुमी. मोनाले पाठवा."

त्यात टवाळी नव्हती. त्यानं मनापासून दाद दिली होती आणि मनापासूनच त्यांना बसायला सांगितलं होतं. मैदान हसलं. मी शकूताईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा क्षणभर रिकामा झाला. मग त्या माइकवर म्हणाल्या, "पाठवाचं काय बाबू, हे काय इथंच उभी हाय. ते नाचन, मी गाईन. दोघी मिळून एकच बाई समजा अन् पाहा."

पुन्हा टाळ्या. त्या पडद्यामागे गेल्या, खुर्चीवर बसल्या आणि कार्यक्रम संपेपर्यंत गात राहिल्या. धंद्याच्या भाषेत त्या दिवशी शो उचलला.

शेवटी आभार मानताना मी सगळ्यांची नावं घेतली. साउंडवाला, लाइटवाला, मंडपवाला. आणि मग म्हटलं, "आजचा आवाज होता शकुंतला मून यांचा." तोवर लोक उठले होते, मंडपवाल्याची माणसं खुर्च्या एकावर एक रचत होती. शकूताई मागून आल्या, माझ्या हातून माइक घेऊन बंद केला आणि म्हणाल्या, "सर, खुर्च्याईले काऊन नाव सांगून राह्यले?"

टेम्पोजवळ देवीदासभाऊ थर्मासचं झाकण फिरवत उभे होते. मी सवयीनं विचारलं, "आयकू आलं का?"

"आलं," ते म्हणाले. थोडं थांबून पुढे म्हणाले, "अन् दिसलीही आज."

त्या हंगामानंतर शकूताईंनी पार्टी सोडली. भांडण नाही, रुसवा नाही. भास्कररावांच्या घरी स्वतः जाऊन सांगितलं, मोनाला एक साडी दिली. मला म्हणाल्या, "आवाज नाई थकला सर. मी थकली." मुलगी हिंगणघाटला दिलेली होती, देवीदासभाऊ निवृत्तीला आले होते. भास्कररावांनी पार्टी मोडून साउंड सिस्टिम भाड्यानं द्यायला सुरुवात केली. मोना नागपूरला गेली. मीही कॉलेजातून मोकळा झालो. सगळं एकाएकी नाही, हळूहळू निवत गेलं.

मध्ये बराच काळ गेला आणि एके दिवशी भास्कररावांचा फोन आला. नगरपालिकेच्या घंटागाडीवर वाजवायला एक गाणं रेकॉर्ड करायचं होतं. ओला कचरा, सुका कचरा, सगळं समजावून सांगणारं. आवाज शकूताईंचा घ्यावा असं त्यांनीच सुचवलं होतं आणि शब्द नीट करायला मला बोलावलं होतं. ज्यानं कुणी ते लिहिलं होतं त्यानं 'विलगीकरण' हा शब्द चालीत बसवला होता. शकूताईंनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाल्या, "सर, हे बोलता बोलता गाडी निंगून जाईन." मग आम्ही दोघांनी बसून ते सोपं केलं. ओला वेगळा, सुका वेगळा, दारात आली गाडी गं, असं काहीसं झालं ते.

स्टुडिओ म्हणजे एका घराची मागची खोली होती. भिंतींना जाड फोम लावलेला. शकूताई कानाला हेडफोन लावून उभ्या राहिल्या. 'गाडी गं' या शब्दावर त्यांनी एक छोटीशी मुरकी घेतली, पाण्यात बोट फिरवावं तेवढीच. स्टुडिओवाल्यानं थांबवलं. "ताई, एवढी हरकत नको. जिंगल आहे."

"बरं," म्हणून त्यांनी साधं म्हटलं. मग म्हणाल्या, "आता एक डाव माह्यासाठी म्हनतो. तुमाले आवडन ते ठेवा." आणि पुन्हा ती मुरकी घेतली. दोन्ही ऐकून स्टुडिओवाल्यानं दुसरं ठेवलं.

निघताना त्यांनी विचारलं, यात गाणाऱ्याचं नाव येतं का. जिंगलमध्ये नाव नसतं, असं त्यानं सांगितलं. रस्त्यावर आल्यावर मफलर गुंडाळत म्हणाल्या, "आयटम झालं, ट्रॅक झालं, प्लेबॅक झालं. आता जिंगल. सर, गान्याले गानं म्हनाले काय होते हो याईले?" आम्ही कोपऱ्यावर उसाचा रस प्यायलो आणि आपापल्या घरी गेलो.

मग ते गाणं गावभर झालं. सकाळी चहा ठेवायच्या वेळेला गल्लीच्या टोकाशी शकूताईंचा आवाज यायचा. पोरं त्याच्यासोबत ओरडायची, बायका बादल्या घेऊन धावायच्या. माझी बायकोसुद्धा भांडी घासताना ते गुणगुणायची, आणि मुरकीच्या जागी आली की तिचा आवाज अडायचा. शकूताईंच्या स्वतःच्या गल्लीतही गाडी यायची. त्या इतरांसारख्याच बादली घेऊन उभ्या राहायच्या. गाडीवाल्याला त्यांनी कधी काही सांगितलं नाही. एक दिवस देवीदासभाऊंनीच सांगून टाकलं, "बाबू, हे गानं हिचं हाय." गाडीवाल्यानं त्यांच्याकडे, मग भोंग्याकडे पाहिलं. "काकू, खरंच?" शकूताई म्हणाल्या, "बादली घे आंदी." त्यानंतर तो त्यांच्या दारापुढे गाडी जरा जास्त वेळ थांबवायचा.

गेल्या वर्षी पाऊस सरता सरता घरोघरी तापाची साथ आली. शकूताईंना दवाखान्यात नेलं तेव्हा त्या चालत ऑटोत बसल्या होत्या. पेशी उतरत गेल्या, रक्त दिलं, आणि एका पहाटे त्या गेल्या. भास्कररावांनी मला फोन करून कळवलं.

मी पोहोचलो तेव्हा अंगणात पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमली होती. बुद्धवंदना नुकतीच संपली होती. मेणबत्त्या उन्हात दिसत नव्हत्या, नुसतं मेण ओघळत होतं. हिंगणघाटची मुलगी आईच्या डोक्याशी बसली होती. शववाहिका मागवायचं कुणीतरी हलक्या आवाजात बोलत होतं, आणि तेवढ्यात गल्लीच्या टोकाशी गाणं सुरू झालं.

कुणाला काय करावं कळेना. गाडी एकेक घर घेत येत होती. मांडव आणि माणसं दिसली तसा गाडीवाल्यानं ब्रेक मारला. त्याचा चेहराच उतरला. तो घाईघाईनं भोंगा बंद करायला वळला, तेव्हा खुर्चीवर बसलेल्या देवीदासभाऊंनी हात वर केला.

"राहू दे बाबू. गाऊ दे तिले."

गाडी तशीच उभी राहिली. ओला वेगळा, सुका वेगळा. भाजीची सालं इकडं, कागद-डबे तिकडं. सगळी माणसं मान खाली घालून उभी होती आणि समोर शकूताई पांढऱ्या चादरीखाली होत्या. बायकांनी पदर तोंडाशी धरले होते, पण हुंदका कुणी बाहेर येऊ देत नव्हतं. 'गाडी गं' आलं, ती मुरकी आली, आणि भास्करराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

गाणं संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. गाडीवाला देवीदासभाऊंकडे पाहत होता. ते खुर्चीवरून उठले, हळूहळू घरात गेले आणि दोन्ही हातांत दोन बादल्या घेऊन बाहेर आले. मुलगी उठायला लागली, तिला त्यांनी मानेनंच नको म्हटलं. ओला कचरा ओल्याच्या कप्प्यात टाकला, सुका सुक्याच्या. बादल्या झटकल्या.

"जा आता," ते गाडीवाल्याला म्हणाले. "समोरचे लोक वाट पाहून राह्यले असतीन."

गाडी हलली, गल्लीतून पुढे गेली आणि टोकाला वळली. मग आम्ही शकूताईंना उचललं.